काटापट्टी हातात, चुकारा बाकी: सेवा विकणाऱ्या कंपनीच्या पैशाचं गणित

२०२५ साली राज्यभरातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनाला बसले. जलजीवन मिशनच्या पाणीयोजना, रस्ते, इमारती अशी कामं झालेली, मोजमाप झालेलं, बिलं मंजूर, पण पैसे नाहीत. आमच्याकडे पानठेल्यावर या बातमीची चर्चा साधारण अशी होते: "येवढी मोठी गाडी घेऊन फिरते अन् म्हणते पैसे नाहीत!" मग दुसरा विचारतो, "बिल पास झालं ना? मंग काहून रडते?"

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. बिल पास होणं आणि पैसा हातात येणं यांच्यामध्ये एक दरी असते आणि चांगल्या चालणाऱ्या कंपन्याही तिच्यात पडतात. ही दरी फक्त ठेकेदारांपुरती नाही. सौर पंप दुरुस्त करणारे, ड्रोनने फवारणी करणारे, सोयाबीन काढायला हार्वेस्टर देणारे, बँकेला सुरक्षा रक्षक पुरवणारे, शाळेची बस चालवणारे हे सगळे वस्तू विकत नाहीत, सेवा विकतात. गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी अशा कंपन्या उगवू लागल्या आहेत. शेतीवर भागत नाही म्हणून आयटीआय झालेली तीन-चार पोरं एकत्र येतात, नोंदणी करतात, पाटी लावतात. दीड-दोन वर्षांनी पाटी उतरते, तेव्हा लोक म्हणतात, "धंदा जमला नसन." बऱ्याचदा धंदा जमलेला असतो. पैशाचं वेळापत्रक जमलेलं नसतं.

सेवा म्हणजे विकायचं तरी काय?

विकायची असते वेळ: माणसाची किंवा यंत्राची. किराणा दुकानदाराचा आज न विकलेला साखरेचा पोता उद्या विकता येतो. फिटरचा रिकामा गेलेला मंगळवार बुधवारी विकता येत नाही, आणि पगार मात्र मंगळवारचाही द्यावा लागतो. सेवा देणाऱ्या कंपनीचा मोठा खर्च म्हणजे पगार. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्या काचेच्या इमारती आहेत; तिथेही मोठा खर्च हाच. टीसीएसच्या उत्पन्नातले निम्म्याहून जास्त पैसे कर्मचाऱ्यांवर जातात.

या वेळेची किंमत लावायच्या पद्धती वेगवेगळ्या आणि प्रत्येक पद्धतीत धोका कोणाच्या डोक्यावर बसतो ते बदलतं. कामागणिक पैसे घेतले, म्हणजे एकरी फवारणीचे किंवा एका दुरुस्तीचे, तर काम नसल्या दिवसाचा भार कंपनीवर. महिन्याची ठरलेली रक्कम घेतली तर उत्पन्न पक्कं, पण बिघाड जास्त झाले तर पेट्रोल कंपनीचं जळतं. माणसं पुरवून दर माणशी दर महिना पैसे घेतले तर सगळ्यांत निवांत, फक्त नफा पातळ. काम टप्प्याटप्प्याने मोजून बिल काढायचं असेल तर सगळं मोजणाऱ्या साहेबाच्या सवडीवर. आपले सरकार सेवा केंद्रासारखं दाखल्यामागे कमिशन असेल तर जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी रांग आणि एरवी शांतता.

पोरं दर ठरवताना चार-चार दिवस घासाघीस करतात. पैसे कधी मिळणार, ही ओळ मात्र न वाचता सही करतात. माझ्या मते दोन्हींत ही ओळ महत्त्वाची.

कमाई वेगळी, जमा वेगळी

कापसाचंच घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दहा क्विंटल कापूस काट्यावर गेला आणि प्रतीत कपात झाली नाही, की कास्तकाराने ८१,१०० रुपये कमावले. काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, हातात, हिशोब पक्का. पण चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, खात्यात पडेपर्यंत कृषी केंद्राची उधारी फिटत नाही, की किराणा येत नाही. काटापट्टी दाखवून मजुराची मजुरी देता येत नाही.

कंपनीच्या वह्याही अशाच दोन. काम पूर्ण झालं आणि बिल काढलं की रक्कम उत्पन्नात धरली जाते, पैसे आलेले असोत वा नसोत. लेखापाल नफा-तोटा काढतो तो याच आकड्यावर, काटापट्टीवर. चुकाऱ्याचा हिशोब वेगळा: महिन्यात खात्यात प्रत्यक्ष किती आले, किती गेले. याला रोख प्रवाह म्हणतात. बिल काढलं पण पैसे यायचे आहेत, ती रक्कम म्हणजे येणं. आणि येणं येईपर्यंत धंदा चालू ठेवायला जो पैसा अडकून पडतो ते खेळतं भांडवल. एवढे शब्द पुरेत.

दारव्ह्याची एक कंपनी, कागदावरची

आता एक कल्पनेतली कंपनी उभी करू. आकडे सोपे व्हावेत म्हणून मी ठरवलेले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला चार मित्रांनी सौर पंपांच्या देखभालीची कंपनी काढली. कामाला तोटा नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत कास्तकार किमतीच्या १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के, आणि पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. हमी पंप बसवणाऱ्या मोठ्या कंपनीची. तिला गावोगाव फिटर ठेवणं परवडत नाही, म्हणून ती तालुक्याच्या कंपनीला काम देते. आपल्या मित्रांना १,००० पंप मिळाले, पंपामागे महिन्याला १५० रुपये. म्हणजे महिन्याचं उत्पन्न दीड लाख.

खर्च असा: सहा फिटरांचे १४,००० प्रमाणे ८४,०००, गाड्यांचं पेट्रोल २१,०००, हत्यारं आणि बारीकसारीक सामान ११,०००, खोलीभाडं आणि फोन ९,०००. बेरीज सव्वा लाख. महिन्याला २५,००० नफा. आमच्या भागात ही कमाई काही वाईट नाही.

करारात पैशाची ओळ अशी: महिनाअखेर बिल द्यायचं, ते मिळाल्यापासून ९० दिवसांत पैसे.

काम १ जूनला सुरू झालं. जूनचं बिल ३० जूनला गेलं, त्याचे पैसे सप्टेंबरच्या शेवटी येणार. तोवर जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा चार महिन्यांचा खर्च झाला: ५ लाख. मग पहिला दीड लाख आला. सप्टेंबरअखेर खात्याची स्थिती काय? साडेतीन लाख उणे. आणि त्याच दिवशी लेखापालाची वही काय म्हणते? चार महिन्यांचा नफा एक लाख रुपये. दोन्ही आकडे खरे आहेत. जुलै ते सप्टेंबरची साडेचार लाखांची बिलं मोठ्या कंपनीकडे अडकली आहेत. त्यातून हा साडेतीन लाखांचा खड्डा वजा केला की बरोबर एक लाख उरतो.

पुढे काहीही बिघडलं नाही, प्रत्येक बिल ठरल्या दिवशी आलं, तरी हा खड्डा महिन्याला २५,००० प्रमाणे भरायला १४ महिने लागतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून नफ्यात असलेल्या या कंपनीचं खातं शून्यावर यायला पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडतो. या दीड वर्षात चौघांनी घरी काय न्यायचं, हा प्रश्न मी अजून काढलेलाच नाही. आणि साडेतीन लाख गावातल्या सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने उचलले असतील तर सुरुवातीला व्याजच महिन्याला १०,५०० रुपये. नफ्याचा जवळजवळ निम्मा भाग.

त्यात जीएसटी, त्यात टीडीएस

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आपल्या कंपनीची पंपांची उलाढाल १८ लाख. पावसाळ्यात ते ड्रोन फवारणीही करतात, एकरी ४०० रुपयांनी हजार एकर, म्हणजे आणखी ४ लाख. पिकावरच्या फवारणीला शेतीपूरक सेवा म्हणून जीएसटी माफ आहे. पण गंमत अशी की नोंदणीची मर्यादा मोजताना माफ असलेली उलाढालही धरतात. झाले २२ लाख. शिवाय मोठ्या कंपन्या सहसा नोंदणी नसलेल्याला काम देतच नाहीत.

पंपांच्या बिलावर आता १८ टक्के, म्हणजे २७,००० रुपये चढतात. हा पैसा सरकारचा, कंपनी फक्त गोळा करते. अडचण तारखेची आहे. बिल काढलं की कर देय झाला. जूनच्या बिलाचा कर साधारण २० जुलैपर्यंत भरायचा, आणि तो गोळा होणार सप्टेंबरअखेर. तिमाही विवरणाची सोय घेतली तरी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. सप्टेंबर संपताना तीन महिन्यांचे ८१,००० भरले गेले आणि हाती आले २७,०००. खरेदीवर भरलेल्या कराची थोडी वजावट मिळते ती सोडून दिली, तर आणखी ५४,००० चा खड्डा.

टीडीएस त्या मानाने लहान. बिल देणारी कंपनी आयकरापोटी २ टक्के कापून घेते, इथे महिन्याला ३,००० रुपये. ते बुडत नाहीत. आयकर विवरण भरल्यावर वळते होतात किंवा परत येतात. पण तोवर ते तुमचे असून तुमच्याकडे नसतात. सरकारी खात्याचं अडीच लाखांवरचं कंत्राट असेल तर जीएसटीपोटीही २ टक्के वेगळे कापले जातात. झालं, साडेतीनचा खड्डा चार लाखांच्या पुढे गेला.

"काम वाढलं की सुटेल ना?"

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज.

ऑक्टोबरमध्ये मोठी कंपनी म्हणते, तुमचं काम चांगलं आहे, दिग्रस-आर्णीचे आणखी हजार पंप घ्या. चौघं पेढे वाटतात. फिटर सहाचे बारा, पेट्रोल दुप्पट, महिन्याचा खर्च अडीच लाख. पण ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये येणारे पैसे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या बिलांचे, म्हणजे जुने दीड-दीड लाखच. दर महिन्याला एक लाख उणे. डिसेंबरअखेर खड्डा साडेतीनवरून साडेसहा लाखांवर, जीएसटी वेगळाच. वहीत मात्र एकूण नफा एक लाखावरून अडीच लाखांवर गेलेला. जानेवारीच्या शेवटी ऑक्टोबरचं बिल येईल तेव्हा श्वास मिळेल, पण तोवर टिकलं पाहिजे.

आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच तर रब्बीच्या ओलिताचा काळ. हरभरा, गहू, तूर सगळ्यांना पाणी हवं, म्हणून पंपाच्या तक्रारी याच दिवसांत जास्त. रक्कम ठरलेली, फेऱ्या वाढलेल्या. अशा वेळी एखाद्या महिन्याचे पैसे पंधरा दिवस लांबले की पगार लांबतो, पगार लांबला की दोन फिटर दुसरीकडे जातात, तक्रारी पडून राहतात आणि मोठी कंपनी बिलातून दंड कापते. कंपनी बुडते ती अशी, कामाच्या ओझ्याखाली आणि नफ्यात असताना.

पैसा आहे, पण तो तुमचा नाही

उलटा खेळही असतो. समजा याच मित्रांनी तालुक्यातल्या शंभर घरांशी पाणी शुद्धीकरण यंत्राच्या देखभालीचा वर्षाचा करार केला, घरटी २,४०० रुपये, एप्रिलमध्ये आगाऊ. खात्यात एकदम २ लाख ४० हजार. खूप श्रीमंत वाटतं. प्रत्यक्षात एप्रिलची कमाई फक्त २०,०००. उरलेले २ लाख २० हजार म्हणजे पुढच्या अकरा महिन्यांच्या सेवेचं देणं. ते नव्या मोटारसायकलींत घातले तर मार्चमध्ये फिल्टर बदलायला पैसे कुठून येणार?

ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. बायजूज या शिकवणी कंपनीचे २०२०-२१ चे हिशोब तब्बल दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले, तेव्हा तोटा साडेचार हजार कोटींहून जास्त निघाला. त्यामागे एक मोठं कारण हेच होतं: अनेक महिन्यांच्या शिकवणीचं उत्पन्न एकदम न धरता सेवेच्या काळात वाटून धरावं लागलं, आणि दाखवलेलं बरंच उत्पन्न पुढच्या वर्षांत ढकललं गेलं.

ड्रोनची गोष्ट आणखी तिसरी. सहा लाखांचा ड्रोन जूनमध्ये घेतला तर सहा लाख जूनमध्येच जातात, पण वहीत तो खर्च पाच वर्षांत वाटून दिसतो, वर्षाला १ लाख २० हजार. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात दिसतं, मुद्दल दिसत नाही. म्हणून नफ्याचा कागद पाहून "हप्ता निघून जाईल" असं ठरवणं धोक्याचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हापासून ड्रोनकडे लोकांचं लक्ष आहे आणि ते योग्यच आहे. पण एकरी ४०० रुपये कास्तकार देणार कधी? "कापूस निघू दे भाऊ, मंग देतो." जुलैची फवारणी, पैसे दिवाळीनंतर. गावात राहून याला नाही म्हणता येत नाही, हेही खरं.

"मग बँकेचं कर्ज काढा की"

काढावंच. सावकारापेक्षा ते कितीतरी स्वस्त. पण बँक तारण मागते आणि सेवा कंपनीकडे गोदामात माल नसतो, चार हेल्मेट आणि पान्यांच्या पेट्या असतात. तरीही दोन वाटा आहेत. मुद्रा कर्ज विनातारण मिळतं. आणि लहान उद्योगांसाठी बँकांमध्ये एक जुना ठोकताळा चालतो, नायक समितीच्या शिफारशीचा: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के इतकी खेळत्या भांडवलाची मर्यादा. १८ लाखांचे २० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. आपल्या कंपनीचा मूळ खड्डा साडेतीन लाखांचा होता, म्हणजे जेमतेम झाकला जातो. त्यासाठी शाखेत मे महिन्यातच जायला हवं, विवरणं आणि करार घेऊन. सप्टेंबरमध्ये खातं कोरडं पडल्यावर गेलात तर मॅनेजरला तुमचं तोंड पाहूनच कळतं.

आणखी एक: खेळत्या भांडवलाचं कर्ज गाडीत घालू नका आणि गाडीचा हप्ता त्यातून भरू नका. ते बिल येईपर्यंतचा पूल आहे. बिल आलं की परत भरायचं.

"सरकारी पैसा आहे, बुडणार थोडाच"

बुडत नाही, पण उशिरा येतो, आणि उशिराचं व्याज मागायची कोणाची छाती होत नाही. सरकारी बिलाचा प्रवास पाहा. काम झालं की अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, बिल तयार होतं, लेखा विभाग तपासतो, मंजुरी मिळते. इथे लोकांना वाटतं झालं. पण मंजुरी म्हणजे निधी नव्हे. राज्याचा निधी बीम्स या संगणक प्रणालीवर खात्यांना वाटला जातो. तिथे त्या कामाच्या शीर्षाखाली पैसा आला तरच बिल कोषागारातून निघतं. केंद्र आणि राज्य दोघांच्या हिश्श्याची योजना असेल तर एकाचा हप्ता अडला की दुसऱ्याचाही अडू शकतो. मार्चमध्ये धावपळ असते, मार्चमध्ये राहून गेलेलं बिल मग नव्या वर्षाच्या तरतुदीची वाट पाहतं.

म्हणून सरकारी काम घेऊ नये असं मी म्हणत नाही. आमच्या भागात दुसरं मोठं गिऱ्हाईक आहे तरी कोण? पण सगळी कामं त्याच एका दाराची नसावीत. सहा महिने पैसा आला नाही तर किती पगार देता येतील, हे टेंडर भरण्याआधी मोजावं.

"पंचेचाळीस दिवसांचा कायदा आहे ना?"

आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची सेवा घेणाऱ्याला ती स्वीकारल्यापासून करारातल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. लेखी मुदत नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढीने. म्हणजे आपल्या मित्रांच्या करारातली ९० दिवसांची ओळ कायद्यापुढे टिकत नाही. पैसे ४५ दिवसांत आले असते तर पहिल्या बिलापर्यंत पाच लाखांऐवजी अडीच-पावणेतीन लाखांतच भागलं असतं.

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराची एक कळही लावली आहे: सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं देणं मार्चअखेर बाकी राहिलं, तर घेणाऱ्या कंपनीला ते त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे खासगी कंपन्यांचे लेखापाल मार्चमध्ये स्वतःहून फोन करू लागले. सरकारी खात्याला आयकराची भीती नाही, म्हणून तिथे ही कळ चालत नाही. बांधकामाच्या ठेक्यांना २००६ चा कायदा लागू होतो की नाही यावरही कोर्टात वाद झाले आहेत.

कायद्याचा फायदा घ्यायचा तर उद्यम नोंदणी काम घेण्याआधी हवी. ती फुकट होते. तक्रार सरकारी पोर्टलवर करून अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या परिषदेकडे (फॅसिलिटेशन कौन्सिल) नेता येते. पण ज्याच्याकडून तुमचं सगळं उत्पन्न येतं त्याच्यावर तक्रार करणार कोण? कायदा खऱ्या अर्थाने वापरता येतो तो दोनच वेळी: करार लिहिताना, किंवा नातं तुटल्यावर. म्हणून वापर पहिल्या वेळी करावा, "साहेब, कायद्यात ४५ च आहेत, तेवढेच लिहू" असं म्हणून.

२५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची आहे. तिथे मोठ्या कंपनीने तुमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे आधी देतात आणि मुदतीला वसुली मोठ्या कंपनीकडून करतात. तिने बुडवले तरी बँक तुमच्या दारात येत नाही. तालुक्यात हे फार थोड्यांना माहीत आहे. विचारायला काय जातं?

वही कशी ठेवायची

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. दोनशे पानी वही आडवी धरा, पुढच्या तेरा आठवड्यांचे रकाने पाडा. वर आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, मग येणारे पैसे, मग जाणारे, खाली उरलेली शिल्लक. तीच पुढच्या रकान्याची सुरुवात. येणाऱ्यात बिलाची तारीख लिहायची नाही, पैसे खरंच कधी येतील ती तारीख लिहायची. जाणाऱ्यात ठरलेल्या तारखा आधी भरायच्या: पगार, ७ ला कापलेला टीडीएस, १५ ला भविष्य निर्वाह निधी, २० ला जीएसटी, बँकेचा हप्ता. कुठल्या रकान्यात उणे येतंय ते सहा-सात आठवडे आधी दिसतं. उणे दिसणं वाईट नाही, ते त्या आठवड्यात पोचल्यावर दिसणं वाईट.

दुसरं पान येण्याच्या वयाचं: ३० दिवसांच्या आतलं किती, ६० च्या आतलं किती, ९० च्या पुढचं किती. एकूण येण्याला महिन्याच्या विक्रीने भागून तीसने गुणलं की पैसे सरासरी किती दिवस अडकतात ते कळतं. आपल्या कंपनीचं साडेचार लाख भागिले दीड लाख, गुणिले तीस: ९० दिवस. हा आकडा महिन्यागणिक वाढत असेल तर नफा कितीही दिसो, सावध व्हावं.

वसुलीचा अर्धा भाग मात्र पैसे मागण्याच्या आधीच घडतो. बिल परत येतं ते बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने: कामाच्या पत्रकावर कास्तकाराची सही नाही, पंपाचा क्रमांक चुकला, तारीख जुळत नाही. सही दुरुस्ती झाल्या जागी, बांधावरच घ्यायची, आठ दिवसांनी नाही. महिन्याऐवजी पंधरवड्याचं बिल मान्य करून घेता आलं तर दर तेवढाच राहूनही खड्डा कमी होतो. मी तर म्हणेन पंपामागे १५० ऐवजी १४५ घ्या, पण ९० ऐवजी ३० दिवस लिहून घ्या. हजार पंपांवर महिन्याला ५,००० कमी मिळतील, सावकाराच्या १०,५०० रुपये व्याजापुढे ते कमीच.

"मोठ्या कंपन्यांना हे कसं जमतं?"

त्यांनाही गिऱ्हाईक उशिराच पैसे देतं, दोन-दोन महिने लागतात. फरक असा की त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची गंगाजळी आहे आणि गिऱ्हाइकं शेकड्यांनी आहेत, एकाने अडवलं तरी पगार अडत नाही. आणि त्यांच्याकडेही पाहताना नफ्याआधी खात्यातला पैसाच तपासावा लागतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी कबूल केलं की वहीत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तीही सेवा विकणारी कंपनी. नफा खोटा दाखवला की तो पैसा कुठेतरी ठेवलेला दाखवावा लागतो, म्हणून शिल्लकही खोटी लिहावी लागली.

कास्तकाराचा याच्याशी संबंध काय?

थेट आहे. पंप बंद पडला, तक्रार नोंदवली, आणि फिटर "उद्या येतो" म्हणत आठ दिवस येत नाही, तेव्हा दर वेळी तो कामचुकार असतोच असं नाही. वरून तीन महिन्यांचे पैसे अडलेले असतात आणि खाली गाडीत पेट्रोल नसतं. अशा वेळी फिटरवर ओरडून हरभऱ्याला पाणी मिळत नाही. हमी पंप बसवणाऱ्या कंपनीची आहे. तेव्हा तक्रार तिच्या आणि महावितरणच्या ठिकाणी लेखी नोंदवा, तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि तो फिटरलाही द्या. त्याच क्रमांकाच्या आधारे त्याचं पत्रक भरलं जातं आणि बिल पुढे सरकतं.